चार्ल्सटनला स्वतःची बोट घेऊन वीकेंडला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूभागावर वसलंय. शुक्रवारी संध्याकाळी मरिनात, म्हणजे बोटींच्या तळावर, बोट लावायची, शनिवारी पायी गाव पाहायचं, रविवारी परतायचं. जोडप्यासाठी याहून छान बेत नाही. तो फसतो तेव्हा कारण बहुधा एकच असतं: सगळं घड्याळ बघून ठरवलेलं असतं, पाणी बघून नाही.

भरती पूर्ण झाली म्हणजे पाणी थांबलं, असं समजणं

इथे भरती-ओहोटीत साधारण पाच-सहा फुटांचा फरक पडतो. मुंबई-कोकणात वाढलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण ते सगळं पाणी दर सहा तासांनी नदीतून आत-बाहेर करतं, आणि अ‍ॅशलीवरच्या सिटी मरिनाच्या धक्क्यांमधूनही जोरात वाहतं. भरती पूर्ण झाल्याची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ एकच नसते. म्हणून भरतीच्या तक्त्यावर विसंबू नका. नोआ ही अमेरिकेची हवामान-समुद्र संस्था प्रवाहाचे वेगळे अंदाज देते, ते पाहा आणि प्रवाह मंदावलेला असतानाच धक्क्याला लागा. रात्रीच्या जेवणाचं बुकिंग त्यानंतरचं ठेवा.

वेळ चुकलीच, तर नदीत थोडं थांबा. मरिनाला रेडिओवर विचारा: कोणता धक्का, बोटीची कुठली बाजू, पाणी कुठून कुठे वाहतंय. मग नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रवाहाच्या तोंडाला ठेवून हळू या. प्रवाह पाठीमागून असेल तर बोट आवरत नाही.

जोडप्यांची खरी परीक्षा इथेच असते. एक सुकाणूवर, दुसरा दोर घेऊन, आणि इंजिनाच्या आवाजात दोघांची आरडाओरड. नदीत शिरण्याआधीच दोन-तीन हातखुणा ठरवून घ्या. पहिला दोर नाळेचा नको, बोटीच्या मधल्या क्लीटचा (दोर बांधायच्या खुंटीचा) टाका. आखूड दोर धक्क्यावर अडकवला आणि इंजिन सावकाश पुढे चालू ठेवलं की बोट धक्क्याला चिकटून राहते. बाकीचे दोर मग निवांत बांधता येतात. दोर घेऊन धक्क्यावर उडी मात्र कुणीही मारायची नाही.

दक्षिणेकडून येताना एलियट कट हलक्यात घेणं

किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाने स्टोनो नदीतून वापू क्रीककडे येताना हा अरुंद कालवा लागतो. भर प्रवाहात इथे पाणी साडेतीन-चार नॉटपर्यंत (ताशी सागरी मैल) धावतं. छोट्या इंजिनाची शिडाची बोट उलट्या प्रवाहात जागच्या जागी घरघरत राहते. पुढचा वापू क्रीकचा पूल उघडावा लागणार असेल, तर प्रवाहाबरोबर पुलाकडे ढकलले जात वाट पाहणं आणखी वाईट. पुलाच्या वेळा निघण्याआधीच पाहून ठेवा.

इंजिन तापलं की घाबरून जाणं

उधाणाच्या दिवसांत खाजणातलं वाळलेलं गवत तराफ्यासारखं वाहत येतं. तापमानाचा काटा चढला आणि मागून पडणारं पाणी कमी झालं, तर आधी समुद्राच्या पाण्याची गाळणी पाहा. इंजिन बंद करा, बुडाकडची पाण्याची चावी (व्हॉल्व्ह) बंद करा, गाळणी उघडून गवत काढा, चावी पुन्हा उघडा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण प्रवाहात तेवढ्या वेळात बोट बरीच वाहून जाते. म्हणून जमेल तिथे आधी नांगर टाका.

नांगराचा हिशेब भरतीच्या उंचीवर करा. ओहोटीला १२ फूट पाणी, नाळेची उंची ४ फूट, वर भरतीचे ६ फूट: एकूण २२. त्याची सातपट म्हणजे १५४ फूट दोर. भरती विसरलात तर ११२ फुटांवरच थांबाल, आणि मध्यरात्री नांगर घसरेल.

मरिना म्हणजेच जुनं गाव, असं धरून चालणं

सिटी मरिनापासून जुना बाजार, म्हणजे सिटी मार्केट, चांगलाच लांब आहे. उन्हाळ्यात ती पायपीट दमवते. मरिनाची गाडी कधीपर्यंत असते ते आधी विचारा. समोरची लॉकवुड ड्राइव्ह मोठ्या भरतीला खाऱ्या पाण्याखाली जाते. बंदराच्या मोजपट्टीवर पाणी सात फुटांवर गेलं की गावातले सखल रस्ते तुंबतात, कडक ऊन असलं तरी.

शनिवारची संध्याकाळ ऐनवेळी टेबल मिळण्याची नाही. मक्याच्या कण्यांवरची कोळंबी इथली खासियत, ती चुकवू नका. शाकाहारी असाल तर पालेभाज्या आणि शेंगांबद्दल आवर्जून विचारा; त्या अनेकदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेल्या असतात.

सिटी मार्केटला गुलामांचा बाजार समजणं

बरेच लोक तिथे फोटो काढून पुढे जातात. माणसांची विक्री झाली ती जागा चॅमर्स स्ट्रीटवर आहे, १८५९ची. आज तिथे ओल्ड स्लेव्ह मार्ट संग्रहालय आहे. रविवारी ते सहसा बंद असतं, म्हणून शनिवारीच जा. गॅड्सडेन्स व्हार्फ या जुन्या धक्क्यावर, जिथे गुलाम आफ्रिकनांची जहाजं लागत, २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय उघडलं. ती भूमी मोकळी राहावी म्हणून अख्खी इमारत १३ फूट उंच खांबांवर उचलली आहे. माझ्या मते वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर तो इथे द्यावा. १८६१मध्ये अमेरिकी यादवीची पहिली तोफ ज्याच्या दिशेने डागली गेली त्या फोर्ट समटर किल्ल्याच्या फेरीत दोन तासांहून जास्त जातात. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. आणि मार्केटमध्ये गला गिची (इथल्या गुलाम आफ्रिकनांच्या वंशज) स्त्रिया स्वीटग्रास या गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या दिसतील. किंमत ऐकून घासाघीस करू नका, एकेका टोपलीला कित्येक दिवस लागतात.

रविवारी घाईत समुद्राकडे जवळची वाट शोधणं

बंदराच्या तोंडाशी दोन लांब दगडी बांध आहेत. त्यांचा किनाऱ्याकडचा भाग भरतीत पाण्याखाली जातो. पाणी सपाट दिसतं आणि खाली खडक असतो. जहाजांचा मार्ग दाखवणाऱ्या खुणांच्या मधूनच बाहेर पडा. २०२२मध्ये बंदर ५२ फूट खोल करण्यात आलं, त्यामुळे अवाढव्य कंटेनर जहाजं इथून जातात आणि ती तुमच्यासाठी वळू शकत नाहीत. भोंग्याचे पाच आखूड आवाज आले तर तो धोक्याचा इशारा आहे. लगेच मार्गाच्या कडेला सरका.