सेम काम आणि पगार कमी? साहेबांच्या केबिनमध्ये जायच्या आधी हे करा

पगाराचा विषय निघाला की आपल्याकडं निम्म्या जणी ‘बघू पुढच्या अप्रेजलला’ म्हणून गप बसतात आणि उरलेल्या एकदम तडकून केबिनमध्ये शिरतात, सेम काम करणाऱ्या पुरुषाला जास्त का म्हणून विचारतात, मग साहेब म्हणतात पुरावा काय, आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून आधी कागद, मग तोंड. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीत असा नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या ऑफिसात, पद्धत हीच.

पहिलं काम, तुलना कुणाशी करायची ते ठरवा. पदाच्या नावावर जाऊ नका, त्याला ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ म्हणतात, तुम्हाला ‘असिस्टंट’, आणि दोघंही दिवसभर तीच बिलं मारताय. वेतन संहिता 2019 (ही नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीय, त्याआधी 1976 चा समान वेतनाचा कायदा होता) बघते ते कौशल्य, मेहनत, अनुभव आणि जबाबदारी सारखी आहे का. खरी अडचण कुठं येते, तर जिथं कामच वाटून दिलंय तिथं. इचलकरंजीत माग चालवायला पुरुष आणि कांड्या भरायला बायका, मग काम वेगळं म्हणून रेट वेगळा, आणि रानात ऊस लावणीला गडी-बाई शेजारी शेजारी असले तरी हजेरी वेगळी, त्यात कुणाला काही वावगंपण वाटत नाही!

आता त्याचा पगार कळणार कसा? सरळ विचारा, भरवशाचा सहकारी असला तर सांगतो. ‘माझा पगार कापून तुला देतील’ अशी त्याला भीती असली तर सांगा की समान करायचं म्हणून कुणाचा पगार कमी करता येत नाही, तेही त्याच कायद्यात आहे. पण हातात किती येतो ते विचारू नका, स्लिपवरचं बेसिक आणि भत्ते विचारा. कारण महाराष्ट्रात महिना 25,000 पर्यंत बाईला प्रोफेशनल टॅक्स नाही आणि पुरुषाचे 10,000 च्या वर गेलं की 200 रुपये कापतात, वर कुणाचं सोसायटीचं कर्ज, कुणाचा अॅडव्हान्स, मग हातातला आकडा सारखा दिसतो आणि आत फरक असतो. स्लिपच मिळत नसेल तर आधी ती मागा, ती देणं मालकाला बंधनकारक आहे.

मग एक वही करा. ही पायरी सगळ्याजणी सोडतात आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात कामाची. नेमून दिलेलं काम तर लिहाच, पण जे कुणी मोजतच नाही ते पण लिहा, म्हणजे नवीन पोराला टॅली शिकवणं, मीटिंगचे मुद्दे टाइप करणं, पाहुणे आले की चहाचं बघणं, ऑडिटच्या आधी सगळ्यांच्या फाइली लावणं. तारीख आणि किती वेळ गेला, बास. हे खुळ्यासारखं वाटत असेल तर त्रिनिदाद-टोबॅगोचं बघा, आपल्याला तो देश ब्रायन लाराचा म्हणून माहीत, पण तिथं 1996 साली बिनपगारी कामाची मोजदाद करायचा कायदाच झाला, बायकांनी मागं लागून करून घेतला. आणि पोस्ट मिळाली की सगळं मिळालं असंही समजू नका, त्याच वेस्ट इंडीजमधल्या जमैकात मॅनेजरांमध्ये निम्म्याहून जास्त बायका, 2015 च्या आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) अहवालात 59.3 टक्के, जगात एक नंबर, तरी बेरोजगारी तिथं बायकांतच जास्त. समान पगाराचा कायदा त्यांच्याकडं 1975 पासून आहे बरं का.

केबिनमध्ये जाताना महिनाअखेर टाळा, आणि एक आकडा ठरवून जा, ‘थोडं वाढवा’ म्हणालात तर थोडंच वाढतं. ‘त्याला घर चालवायचं असतं, तुमचे मिस्टर कमावतात की’ हे येणारच, त्यावर भांडू नका, वही उघडा आणि कामावर या. ‘कंपनीची परिस्थिती नाही’ म्हणाले तर ध्यानात ठेवा, मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या स्टेनोग्राफर बाईंच्या केसमध्ये 1987 साली सुप्रीम कोर्टानं हे कारण चालवून घेतलं नाही, आणि युनियनशी करार झालाय हे कारणपण नाही.

बाहेर आल्यावर त्याच दिवशी मेल टाका, ‘आज आपलं असं असं बोलणं झालं, अमुक तारखेपर्यंत कळवतो म्हणालात’. व्हॉट्सॲप चालतं, पण मेल बरा. बाळंतपणाच्या रजेमुळं इन्क्रिमेंट मागं राहिली असेल तर तो मुद्दा त्याच मेलमध्ये वेगळा लिहा. 26 आठवड्यांची रजा हा हक्क आहे, मेहरबानी नाही.

तारीख उलटून गेली की एक आठवण पाठवा, तरीबी काही नाही तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या. स्लिपा, वहीच्या झेरॉक्स आणि मेलच्या प्रिंट जोडा, आणि आपल्या कॉपीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथनं हलू नका. दोघी-तिघींचं दुखणं एकच असेल तर अर्ज एकत्र द्या, एकटीवर राग काढणं सोपं असतं.