प्रॉम्प्टमध्ये भाव लिहून ठेवू नका

मी घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस सांभाळते. सभासदांना व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना, बँकेला पत्र, सभेचं इतिवृत्त, हे लिखाण रोजचंच. बरंचसं एआयकडून करून घेते, पण दर वेळी त्याला पहिल्यापासून समजावत बसत नाही. जमलेला प्रॉम्प्ट, म्हणजे काय आणि कसं लिहायचं हे एआयला सांगणारा मजकूर, गुगल कीप या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकते. घाईत जो शब्द शोधू, तोच नोटचं नाव: ‘सूचना सोयाबीन खरेदी’, ‘पत्र बँक’. ‘चांगला प्रॉम्प्ट 2’ पुन्हा सापडत नाही.

ठेवणीतल्या प्रॉम्प्टमध्ये आकडे मात्र नकोत, रिकाम्या जागा हव्यात. माझा सूचनेचा प्रॉम्प्ट असा:

“खालच्या माहितीवरून सभासदांसाठी व्हॉट्सअ‍ॅप सूचना लिही. साधी मराठी, सहा ओळींच्या आत. पहिल्याच ओळीत काय करायचं आणि कधीपर्यंत. दिलेला आकडा बदलू नको, नसलेला घालू नको. माहिती अपुरी असेल तर आधी मला विचार. पीक: [ ] हमीभाव: [ ] ओलावा: [ ] कागदपत्रं: [ ] शेवटची तारीख: [ ]”

सोयाबीनचा हमीभाव 2024-25 ला क्विंटलमागे 4,892 रुपये होता, 2025-26 ला 5,328 झाला. जुना आकडा नोटमध्ये राहिला की एआय तोच ठासून लिहिणार, आणि ग्रुपवर गेल्यावर पहिला फोन ठरलेला: “काहून जी, भाव कमी झाला का?” पीक विम्याचं तर विचारूच नका. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात होता; 2025 च्या खरिपापासून सोयाबीनला 2 टक्के, कापसाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता आला. म्हणून विम्याच्या प्रॉम्प्टमध्ये मी नियमाचं एकही वाक्य ठेवत नाही. चालू वर्षाचा शासन निर्णय उघडायचा, लागतील त्या ओळी तिथून चिकटवायच्या.

एकच दुरुस्ती दोनदा करावी लागली, की ती प्रॉम्प्टमध्येच लिहून टाका. एआयला ‘शेतकरी बंधूंनो’ची भारी हौस; आमच्यात सभासद बायाही आहेत! आता नोटमध्ये ओळच आहे: ‘संबोधन फक्त नमस्कार.’

आधार नंबर, खाते नंबर कुठल्याच प्रॉम्प्टमध्ये घालू नका. बँकेच्या पत्रात ती जागा कोरी ठेवायची, प्रिंट काढायच्या आधी आपल्या हातानं भरायची. आणि सहकाऱ्याला प्रॉम्प्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करण्यापेक्षा कीपमधली तीच नोट शेअर करा, म्हणजे तुमची दुरुस्ती त्यालाही दिसते.