सत्राच्या सुरुवातीला शिक्षकांचा आणि शाळेच्या हितचिंतकांचा सत्कार कसा करावा

सत्र सुरू होताना केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाकडे असलेल्या आसपासच्या, दहा-बारा शाळांनी एकत्र येऊन आपल्या शिक्षकांचं आणि वर्षभर शाळेला हात देणाऱ्या लोकांचं कौतुक करावं, ही पद्धत चांगलीच आहे. नागपूर जिल्ह्यात असे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले आणि पुष्कळ अंगावरही घेतले. दरवेळी कुणीतरी जाणता माणूस सल्ला देतो, ‘मॅडम, आधी पाहुणे पक्के करा, बाकीचं होऊन जाते.’ होत नाही. पाहुणे आदल्या आठवड्यात ठरले तरी कार्यक्रम उभा राहतो. यादी आदल्या आठवड्यात करायला घेतली, तर तो हमखास पडतो.

मांडव, माइक, खुर्च्या, पाण्याचे जार, समई, प्रतिमा, हे काही मी सांगत बसणार नाही. शाळेत काम करणाऱ्या कुणालाही ते झोपेत येतं.

तारीख

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात. जूनच्या शेवटी, एखाद्या वर्षी १ जुलैलाही. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. पुस्तकं वाटायची, नवी पोरं रडत असतात, अधिकारी भेटीला येतात. त्या दिवशी सत्कार ठेवू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर ठेवा. निवडणूक जवळ असेल तर लोकप्रतिनिधींची नावं पत्रिकेत टाकण्याआधी आचारसंहितेचं विचारून घ्या.

जागा

रेशीमबागचं सुरेश भट सभागृह किंवा सिव्हिल लाइन्सचं देशपांडे सभागृह दिसायला भारी आहे, पण दीडशे माणसं त्यात हरवून जातात. शिवाय कुही-भिवापूरकडून येणाऱ्या माणसाचा पूर्ण दिवस जातो. केंद्रातल्याच एखाद्या शाळेचा हॉल घ्या. फक्त वर टिनाचं छत नसावं. आपल्याकडे जूनअखेरीचा पाऊस टिनावर सुरू झाला की माइक असून नसल्यासारखा, आणि वक्ता मात्र थांबत नाही.

पैसा

शाळेच्या अनुदानाला हात लावू नका; ते खडू, दुरुस्ती आणि विजेच्या बिलासाठी आहे. शिक्षकांकडून वर्गणी काढून त्याच शिक्षकांना शाल घालणं हा प्रकारही बंद करा. आणि ज्या दुकानदाराचा सत्कार करायचा आहे, त्याच्याकडेच नाश्त्याचा खर्च मागायला जाऊ नका. इतकं पाळलं की बजेट आपोआप लहान होतं. ते लहानच बरं.

यादी

आता खरं काम. मला हे सगळ्यात जड गेलं, आणि याच्यावर धड सल्ला कुणी देत नाही.

मुख्याध्यापकांना पत्र गेलं की ‘आपल्या शाळेतून सत्कारासाठी नावे कळवावीत’, तर प्रत्येक शाळेतून तीच तीन नावं येतात: सर्वांत ज्येष्ठ शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि ज्यांना नाराज करून चालत नाही असे एक गावपुढारी. यात मुख्याध्यापकांचा दोष नाही. विचारलंच तसं गेलं. म्हणून पत्रात नाव मागू नका, प्रश्न विचारा: ‘गेल्या वर्षी कोण नसतं, तर एखादा दिवस तुमची शाळा अडली असती?’ उत्तरं एकदम बदलतात. मग पोषण आहार शिजवणाऱ्या ताई येतात. पंप बंद पडला की न बोलावता येणारा गावातला मुलगा येतो. दुपारी पाचवीच्या पोरांना गणित शिकवायला येणारे निवृत्त गुरुजी येतात. अंगणवाडीच्या सेविका येतात. शिक्षकांमध्येही ज्येष्ठतेच्या रांगेत मागे उभं असलेलं कुणीतरी पुढे येतं.

एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक शाळेत अर्धा तास जाऊन कागद पाहा. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या टिकाऊ सामानाची वही, उघडा. पंखा, कपाट, सतरंजी कुणी दिली याची नोंद तिथे असते, आणि देणाऱ्याचं नाव शाळेतही कुणाला आठवत नसतं. समितीच्या इतिवृत्ताची वही वाचा. सभेला नेमानं कोण येतं, ते सह्यांवरून कळतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तरी सत्काराच्या यादीत या बाया शोधून सापडत नाहीत. अध्यक्ष ताई असतील तर सत्कार ताईंचाच करायचा. त्यांचे यजमान पुढच्या रांगेतून उठून आपसूक मंचाकडे निघतात. त्यांना गोड बोलून खाली बसवायचं काम कुणाकडे तरी आधीच सोपवून ठेवा.

शेवटी पोरांना विचारा. सहावी-सातवीची पोरं असं नाव सांगतात, जे मोठ्यांपैकी कुणालाच सुचलेलं नसतं.

दाब येणार, हे धरून चाला. क्लासवाले येतील, प्लॉटवाले येतील, ‘यंदा शाळेला संगणक देतो’ म्हणणारेही येतील. नियम एकच ठेवा आणि पत्रातच छापा: मदत कार्यक्रमाच्या तारखेआधी पूर्ण झालेली असावी. देणार आहे, बोलणं झालं आहे, ऑर्डर दिली आहे, यातलं काही मोजायचं नाही. या एका ओळीनं माझी जितकी भांडणं वाचली, तितकी कुठल्याच चहापाण्यानं वाचली नसती.

रकमा वाचू नका. कुणी पन्नास हजार दिले, कुणी वह्यांचा गठ्ठा दिला. मंचावरून आकडे पुकारले की त्याचा लिलाव होतो, आणि वह्या देणारा किराणावाला मागच्या रांगेत आणखी मागे सरकतो. काय दिलं ते सांगा, कितीचं ते सांगू नका.

नावापुढची दोन वाक्यं

यादीहून अवघड हे. प्रत्येक माणसाबद्दल निवेदकानं दोन वाक्यं बोलायची. दोनच. आणि ती त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला लागू पडता कामा नयेत.

‘अथक परिश्रम’, ‘मोलाचे योगदान’, ‘उपक्रमशील’, ‘विद्यार्थीप्रिय’, ‘हसतमुख व्यक्तिमत्त्व’ हे शब्द निवेदनात दिसले की मी खोडते. परीक्षा सोपी आहे. दोन मानपत्रांवरची नावं अदलाबदल करा. मजकूर तरीही जमत असेल, तर दोन्ही फाडा. ‘दरवर्षी नवनवीन उपक्रम राबवणारे शिक्षक’ हे कोणालाही बसतं. ‘नाल्याला पाणी आलं की पहिलीच्या पोरांना हात धरून पलीकडे पोचवून मगच स्वतः घरी जाणाऱ्या मावशी’ हे एकीलाच बसतं, आणि हॉलमधली निम्मी माणसं मान वळवून त्यांना शोधू लागतात.

ही वाक्यं मिळवायची कशी? ज्यांचा सत्कार आहे त्यांना विचारू नका. ते लाजतात, नाहीतर बायोडाटा पाठवतात. बायोडाटा आला की संपलं, पदवी, पदविका, सेवेची वर्षं, पुरस्कार. त्याऐवजी त्यांच्यासोबत खोली वाटून घेणाऱ्या शिक्षकाला फोन करा आणि गौरवाचा विषयही काढू नका. विचारा, ‘सर परवा शाळेत काय करत होते?’ साध्या दिवसाचं उत्तर येतं, आणि तेच हवं असतं. पहिलं उत्तर सोडून द्या, दुसरं लिहून घ्या. पहिल्या उत्तरात माणूस नेहमी ‘खूप चांगले आहेत हो’ असंच म्हणतो.

लिहून झालं की ते वाक्य त्या व्यक्तीला ऐकवा. ‘सरप्राइज देऊ’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. एका कार्यक्रमात मी समोर बसून ऐकलं आहे: निवेदकानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की या बाईंनी अमुक मुलाची फी स्वतः भरली. मुलाचं नाव घेतलं. मुलगा हॉलमध्येच होता, त्याचे वडीलही होते. बाईंना शाल घेताना मान वर करता येईना. मदत सांगताना मदत घेणाऱ्याचं नाव, जात, घरची परिस्थिती यातलं काहीच यायला नको. आजारपण, वैधव्य, ‘स्वतःचं दुःख विसरून’ हेही नको. शिक्षकाच्या कामाचं कौतुक करायला त्याच्या घरात शिरावं लागत नाही.

‘आदर्श’, ‘सर्वोत्कृष्ट’, ‘प्रथम’ असले शब्दही टाळा. राज्य शासनाचे, जिल्हा परिषदेचे पुरस्कार आहेत, त्यांना निकष आहेत, प्रस्ताव आहेत, फायली आहेत. हा सत्कार म्हणजे आपल्याच माणसांना आपण दिलेली दाद. स्पर्धा लावली की उरलेले शिक्षक वर्षभर तोंड पाडून बसतात.

नवीन शिक्षकांना मात्र या यादीच्या बाहेर, वेगळी पाच मिनिटं द्या. बदलीनं आलेले असतात, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून दूरच्या जिल्ह्यातून आलेले असतात. त्यांना गुलाबाचं फूल देऊन मोकळे होऊ नका. खोली कुठे मिळेल, बस किती वाजता आहे, डबा कोण देतं, हे सांगणारा एक जुना शिक्षक त्यांच्या शेजारी बसवा.

मानपत्र

छापखान्यात मजकूर युनिकोडमधून त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये जाताना जोडाक्षरं तुटतात. ‘ऱ्हा’ आणि ‘र्य’ यांच्याकडे खास पाहा. वानखेडे की वानखडे, उईके की उइके, राऊत की राउत, हे तुम्ही ठरवू नका. ज्याचं नाव त्यालाच प्रूफचा फोटो पाठवा आणि ‘बरोबर आहे’ असं लिहून मागा. बायकांच्या बाबतीत सेवापुस्तिकेतलं नाव वेगळं आणि गाव हाक मारतं ते वेगळं असतं; कोणतं छापायचं, तेही त्यांनाच विचारा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या मानपत्रावर ‘स्वयंपाकी ताई’ एवढंच छापलेलं मी पाहिलं आहे. पूर्ण नाव छापा, आडनावासकट. चार कोरी मानपत्रं जास्तीची काढून ठेवा, कारण सुटलेलं नाव नेमकं आदल्या रात्री आठवतं.

कार्यक्रमाचा क्रम

एकूण दीड तास धरून हिशेब कागदावर मांडा. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, राज्यगीत १ मिनिट ४१ सेकंदांचं. तीस सत्कार, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे एक तास झाला. उरलेल्या अर्ध्या तासात दीपप्रज्वलन, एक स्वागतगीत, प्रास्ताविक, नवीन शिक्षक आणि एकच भाषण. पाहुण्यांच्या स्वागतातच चाळीस मिनिटं घालवणारे कार्यक्रम नागपूरला नवे नाहीत. मंचावर अकरा खुर्च्या, खाली उकाडा, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं आहे ते रुमालानं वारा घेत बसलेले. मंचावर चार खुर्च्या पुरतात. पाहुण्यांचं स्वागत एकत्र, टाळ्यांनी.

सत्कार बाहेरच्या मदतगारांपासून सुरू करा, म्हणजे स्वयंपाकाच्या ताई, शिपाई, ऑटोवाले, गावकरी. मग शिक्षक, गावांच्या अकारविल्ह्यानं. लोक ताजे असतात तोवर मदतगारांची नावं ऐकू येतात. हा क्रम बदलायला सांगणारे भेटतील, बदलू नका. कुणाला पायऱ्या चढवत नसतील तर पाहुण्यांनी खाली उतरावं. पोरांना लेझीम घेऊन उन्हात उभं करू नका.

शाल

जूनच्या नागपुरात गरम शाल कुणाच्या डोक्यातून आली, मला अजून कळलेलं नाही. गांधीबागेत सुती दुपट्टे ठोक भावात मिळतात. ते द्या, माणूस नंतर वापरतो. नारळ ठेवा हवा तर. ताजी संत्री या दिवसांत नसतात, म्हणून बाहेरगावच्या पाहुण्याला संत्रा बर्फीचा डबा. रोप द्यायचं असेल तर घरी लावायला जागा आहे का विचारा. फ्लॅटमधल्या माणसाला कडुनिंब देऊन काय उपयोग?

नाश्ता

तर्री-पोहे, चहा. कार्यक्रमाआधी, कारण शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर सगळे उपाशी असतात. आणि ज्या ताईंचा सत्कार आहे त्यांनाच त्या दिवशी दीडशे लोकांचे पोहे करायला लावू नका. असं होतं, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही. बाहेर ऑर्डर द्या.

नंतर

फोटो आठवड्याच्या आत पोचवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना छापून, हातात. मांडववाल्याचं बिल त्याच संध्याकाळी. यंदा यादीत न बसलेली नावं, त्यांच्यापुढच्या वाक्यांसकट, एका वहीत उतरवून केंद्राच्या कपाटात ठेवा, आणि वही कुठे आहे ते दोघांना तरी सांगून ठेवा. तुमची बदली झाली तर पुढच्याला यादी शून्यातून करावी लागणार नाही.