नदीवरील क्रूझसाठी नदी कशी निवडावी

माहितीपत्रकातील छायाचित्रांवर भाळण्यापूर्वी त्या नदीला कोणत्या महिन्यात किती पाणी असते, हे पाहावे. ऱ्हाइनवर २०१८ आणि २०२२ साली पाणी इतके उतरले की जर्मनीतील काउबजवळच्या उथळ पात्रातून जहाजे नेणे कठीण झाले. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढे न्यावे लागते, म्हणून तिथे ऑगस्टनंतर जाण्यापेक्षा मे-जून मला अधिक भरवशाचे वाटतात.

प्राचीन मंदिरांची ओढ असेल, तर नाईलवरील लक्झर ते अस्वान हा तीन-चार रात्रींचा टप्पा निर्विवाद सरस आहे. कोम ओम्बोचे मंदिर धक्क्यापासून चालत गाठता येते, आणि एस्नाच्या लॉकपाशी, म्हणजे जहाज वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या जलद्वारापाशी, जहाज रेंगाळले की होडीतले विक्रेते शाली-चादरी थेट डेकवर भिरकावून खालूनच घासाघीस सुरू करतात. मात्र ऑक्टोबर ते एप्रिल हाच काळ निवडावा. अस्वानचा उन्हाळा नागपूरकरांनाही जड जाईल.

डॅन्यूबवर मेल्क ते क्रेम्स हा ऑस्ट्रियातल्या निसर्गरम्य वाखाऊ खोऱ्याचा पट्टा जहाज दिवसाउजेडी पार करते का, हे आधी विचारावे. बुडापेस्टपुढे सर्बियात जाऊन पुन्हा शेंगेन हद्दीत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत; सर्बिया त्यात नाही) परतायचे असल्यास बहुप्रवेशी व्हिसाच मागावा.