व्यावसायिक नीतिमत्ता आणि सीएसआर : पदव्युत्तर अभ्यासात या चुका टाळा

व्यवस्थापन, वाणिज्य किंवा समाजकार्य यांपैकी कोणत्याही शाखेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा व्यावसायिक नीतिमत्ता आणि सीएसआर (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) या विषयावरचा प्रकल्प अहवाल उघडला, की बहुधा एकच क्रम दिसतो. आरंभी नीतिमत्तेच्या पाच-सहा व्याख्या, मग कंपनीचा इतिहास, मग तिने बांधलेल्या शाळाखोल्या, लावलेली झाडे आणि भरवलेली आरोग्य शिबिरे, त्यानंतर पन्नास जणांची प्रश्नावली, आणि शेवटी कंपनी सामाजिक बांधिलकी उत्तम रीतीने जपत असल्याचा निर्वाळा. असे अहवाल अनेक वर्षे तपासल्यावर मी खात्रीने सांगू शकतो, की विद्यार्थी कष्टांत कमी पडत नाहीत. ते प्रश्न विचारण्यात कमी पडतात. कंपनीने काय केले हे अहवालात असते. ते योग्य होते का, कोणाच्या दृष्टीने योग्य होते आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारलेलेच नसते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच उणिवेतून निघतात.

खर्चालाच नीती समजणे

सर्वांत मोठी चूक म्हणजे सीएसआर आणि व्यावसायिक नीतिमत्ता ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असे धरून चालणे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या माहिती तंत्रज्ञान कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेब फुगवल्याची कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नसल्याचे त्या पत्रात नमूद होते. याच राजूंच्या पुढाकाराने २००५ मध्ये हैदराबादेत १०८ क्रमांकाची तातडीची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली होती, आणि पुढे हा क्रमांक देशातील अनेक राज्यांत पोहोचला. त्या सेवेने प्राण वाचवले, आणि त्याच माणसाने भागधारकांना वर्षानुवर्षे खोटे आकडे दाखवले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांपैकी एकाने दुसऱ्याला झाकता येत नाही, हे ज्या विद्यार्थ्याला कळले त्याला या विषयाचे प्रवेशद्वार सापडले असे मी मानतो.

दुरुस्ती सोपी आहे. अहवालाच्या आराखड्यातच दोन प्रश्न वेगळे मांडावेत : पैसा कसा मिळवला, आणि मिळालेल्या पैशातला काही भाग कसा खर्च केला. सीएसआरचा कायदा केवळ दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलतो. पहिल्या प्रश्नासाठी वेतन, कंत्राटी कामगार, पुरवठादारांची देणी, प्रदूषण, करभरणा, जाहिरातीतले दावे आणि तक्रारदाराला मिळणारे संरक्षण यांकडे पाहावे लागते. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार ‘बीआरएसआर’ (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) नावाचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात कायम व कंत्राटी कामगारांची संख्या, प्राणघातक अपघात, किमान वेतन आणि निरनिराळ्या गटांकडून आलेल्या तक्रारी यांचे तक्ते असतात. ही माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. तरीही विद्यार्थी रंगीत छायाचित्रांची सीएसआर पुस्तिका वाचून थांबतात, याचे मला वाईट वाटते.

आचारसंहितेचेही तसेच आहे. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित झालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची आचारसंहिता ६४ पानांची होती. त्याच कंपनीच्या संचालक मंडळाने १९९९ मध्ये आपल्या वित्त प्रमुखाला स्वतःच्या भागीदारी संस्थांमार्फत कंपनीशीच व्यवहार करता यावेत, म्हणून त्या संहितेतल्या हितसंबंधांच्या अटीतून सूट दिली. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून कंपनीकडे आचारसंहिता आहे एवढे विधान पुरेसे नाही. तिला अपवाद कोण करू शकतो आणि तो अपवाद कोठे नोंदला जातो, हे अभ्यासकाने शोधावे.

कायद्यातले आकडे जुळत नाहीत तेव्हा

कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एकही मर्यादा गाठली तरी कंपनी या कलमाखाली येते. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असते. अशा कंपनीने नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करायचे असतात, आणि गोंधळ या दोन टक्क्यांपाशी होतो. कोणी ते उलाढालीवर काढतात, कोणी करोत्तर नफ्यावर, कोणी केवळ गेल्या वर्षाच्या नफ्यावर. प्रत्यक्षात कलम १९८ प्रमाणे काढलेला, म्हणजे आयकर वजा करण्याआधीचा नफा घ्यायचा असतो, आणि तोही आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीने. तीन वर्षांचा असा नफा ४०, ५५ आणि ७० कोटी असेल, तर सरासरी ५५ कोटी आणि बंधनकारक खर्च १ कोटी १० लाख रुपये होतो. तुमचा आकडा कंपनीच्या वार्षिक अहवालाशी जुळत नसेल, तर कंपनीवर संशय घेण्याआधी आपण नफ्याची कोणती ओळ उचलली ते तपासावे.

दुसरा गोंधळ न खर्चलेल्या रकमेचा आहे. कंपनीने दीड कोटींऐवजी एक कोटीच खर्च केले, म्हणजे कायदा मोडला, असे अहवालांत सर्रास लिहिलेले आढळते. जानेवारी २०२१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, रक्कम चालू (एकाहून अधिक वर्षे चालणाऱ्या) प्रकल्पाची असेल तर आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत ती स्वतंत्र बँक खात्यात वर्ग करून पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करता येते; चालू प्रकल्पाची नसेल तर सहा महिन्यांच्या आत याच कायद्याच्या अनुसूची सातमधल्या एखाद्या निधीत भरावी लागते. म्हणून उरलेली रक्कम कोठे गेली हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. त्याचप्रमाणे २०२१ पूर्वीची पुस्तके वाचून ‘खर्च केला नाही तर कारण दिले की पुरे’ असे आजही लिहिणारे विद्यार्थी आहेत. आता त्या चुकीला दंडाची तरतूद आहे.

केवळ कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठीची शिष्यवृत्ती, नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम, उत्पादनाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व आणि राजकीय पक्षाला दिलेली देणगी हे सीएसआरमध्ये मोजले जात नाही. आणखी एक सूचना महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना विशेष उपयोगी आहे : सहकारी साखर कारखाना, दूध संघ किंवा नागरी सहकारी बँक ही कंपनी नव्हे, म्हणून तिला कलम १३५ लावून ‘दोन टक्के खर्च केले नाहीत’ असा ठपका ठेवता येत नाही. तिच्या नैतिक जबाबदारीचा अभ्यास मात्र जरूर करता येतो, आणि माझ्या मते तो अधिक कसदार होतो.

सिद्धान्त शोभेपुरते ठेवणे

अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणात उपयुक्ततावाद (कृती तिच्या परिणामांतल्या एकूण हित-अहितावरून तोलणे), कर्तव्यवाद (परिणामांपेक्षा कर्तव्याला महत्त्व देणे), हितसंबंधी सिद्धान्त (निर्णयाची झळ किंवा लाभ ज्यांना पोहोचतो त्या सर्वांचा विचार) आणि कॅरोल यांचा पिरॅमिड (कंपनीच्या आर्थिक, कायदेशीर, नैतिक आणि परोपकारी जबाबदाऱ्यांची मांडणी) सविस्तर येतो, आणि पुढे त्यांचे नावही निघत नाही. एक कसोटी सांगतो. ते प्रकरण अहवालातून काढून टाकले आणि निष्कर्षातला एक शब्दही बदलला नाही, तर ते प्रकरण शोभेचे आहे. शिवाय जे लिहिले जाते तेही पुष्कळदा ऐकीव असते. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० च्या लेखात नफ्याखेरीज दुसरी जबाबदारी मानली नाही हे सर्वजण लिहितात; पण कायद्यात आणि नैतिक रूढीत असलेले समाजाचे मूलभूत नियम पाळून तो नफा मिळवावा, ही त्यांचीच अट वगळली जाते. कॅरोल यांच्या पिरॅमिडच्या चार थरांना विद्यार्थी एकामागून एक चढायच्या पायऱ्या समजतात. कंपनीने चारही जबाबदाऱ्या एकाच वेळी पार पाडाव्यात, असे स्वतः कॅरोल यांनी १९९१ मध्ये स्पष्ट केले होते.

सिद्धान्त कामाला कसा लावावा, हे ऊसतोडीच्या उदाहरणाने सांगतो. बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून दर हंगामात मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादम त्यांना हंगामाआधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो. कामावर खाडा पडला तर दंड कापला जातो. मासिक पाळीमुळे आणि आजारामुळे पडणारे खाडे टाळण्याच्या दडपणातून अनेक स्त्रियांनी गर्भाशय काढून घेतल्याचे उघड झाले, तेव्हा २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी असल्याने मजूर आपले नव्हेतच, अशी भूमिका कारखान्याला घेता येते.

आता उपयुक्ततावाद येथे एक विशिष्ट प्रश्न विचारायला लावतो : स्वस्त तोडणीचा लाभ मोजताना त्या स्त्रीच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या प्रकृतीचा हिशेब धरला आहे का? तत्त्वज्ञ कान्टचा कर्तव्यवाद वेगळे विचारतो : उचलीने बांधलेल्या माणसाची संमती ही संमती ठरते का, आणि येथे माणूस केवळ साधन म्हणून वापरला जातो आहे का? हितसंबंधी सिद्धान्तापुढे आणखी निराळी अडचण उभी राहते, कारण कराराच्या कागदावर नाव नसलेल्या, पण निर्णयाचा सर्वाधिक भार सोसणाऱ्या व्यक्तीला यादीत कोठे बसवायचे, हे त्याला ठरवावे लागते. आणि साखर विकत घेणारी मोठी शीतपेय किंवा मिठाई कंपनी या व्यक्तीपासून किती टप्प्यांवर आहे, हेही मोजावे लागते. तीन सिद्धान्तांनी तीन वेगळे प्रश्न दिले, तर तुमच्या मुलाखतीही तीन दिशांना जातील, आणि दुसरे प्रकरण आपोआप मुलाखतींवरच्या चौथ्या प्रकरणाशी जोडले जाईल.

घटना दुसऱ्याच्या तोंडून सांगणे

फोर्ड पिंटोचे उदाहरण जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मागून धडक बसल्यावर पेट घेणाऱ्या या मोटारीची दुरुस्ती प्रत्येकी ११ डॉलरमध्ये शक्य असूनही, माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर धरून कंपनीने दुरुस्ती टाळली, असे विद्यार्थी लिहितात, आणि पुरावा म्हणून १३.७ कोटी डॉलर खर्चाविरुद्ध ४.९५ कोटी डॉलर लाभाचा प्रसिद्ध तक्ता देतात. मूळ टिपण पाहिले तर चित्र बदलते. ते अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेला एका प्रस्तावित नियमाविषयी सादर केलेले होते. त्यातला हिशेब एकट्या पिंटोचा नसून सव्वा कोटी मोटारी व हलक्या ट्रकांचा होता. विषय मागच्या धडकेचा नसून गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीचा होता. आणि दोन लाख डॉलरचा आकडा त्या यंत्रणेच्याच अभ्यासातून घेतला होता. यामुळे फोर्ड निर्दोष ठरत नाही. पिंटोच्या टाकीची रचना धोकादायक होती आणि १९७८ मध्ये कंपनीने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. परंतु नैतिक प्रश्न अधिक अवघड होतो : जिवाची किंमत पैशांत मांडण्याची रीत शासन स्वतःच वापरत असेल, तर दोष रीतीचा की ती वापरणाऱ्याचा? ऐकीव गोष्ट सांगणाऱ्याला हा प्रश्न कधीच भेटत नाही. म्हणून प्रत्येक घटनेसाठी न्यायालयाचा निकाल, चौकशी अहवाल किंवा कंपनीचे मूळ पत्र यांपैकी निदान एक कागद स्वतः वाचावा.

गावात जाऊन कंपनीचीच माणसे भेटणे

क्षेत्रभेटीला विद्यार्थी सीएसआर अधिकाऱ्याच्या गाडीतून जातात, त्यांनी निवडलेल्या घरी बसतात आणि त्यांच्यासमोर ‘आपण समाधानी आहात का’ असे विचारतात. उत्तर ठरलेले असते. एका विद्यार्थिनीच्या अहवालात गावातल्या शुद्ध पाण्याच्या यंत्राबद्दल नव्वद टक्के समाधान नोंदले होते. मी तिला एकटीने, सकाळी पाणी भरायच्या वेळी पुन्हा जायला सांगितले. यंत्र कित्येक महिने बंद होते, कारण वीजबिल कंपनीने भरायचे की ग्रामपंचायतीने, हे उद्घाटनाच्या दिवशी कोणी ठरवलेच नव्हते. तिने प्रश्नावली बाजूला ठेवली आणि त्या बिलाचा माग काढला. तिचा अहवाल त्या एका शोधामुळे उभा राहिला. ज्यांना लाभ मिळाला नाही त्यांना भेटावे, संमती घ्यावी, नाव गुप्त ठेवावे आणि समाधानाऐवजी घटनेबद्दल विचारावे : शेवटचे पाणी कधी भरले, बंद पडल्यावर कोणाला सांगितले.

महिनाच हाती उरला असेल तर

सगळा अहवाल पुन्हा लिहिणे शक्य नसते, आणि त्याची गरजही नसते. कंपनीच्या एका निर्णयाची निवड करावी, उदाहरणार्थ कंत्राटी कामगारांच्या विम्याचा किंवा पुरवठादाराची देणी लांबवण्याचा. त्या निर्णयापुरते दोन सिद्धान्त ठेवून बाकीचे वगळावेत. ‘कंपनीने जनजागृती वाढवावी’ अशा शिफारशी काढून टाकाव्यात, आणि त्या जागी कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या खर्चाने काय बदलावे हे लिहावे. मग कंपनीच्या बाजूने देता येईल असे सर्वांत प्रबळ उत्तर स्वतःच एका परिच्छेदात मांडावे आणि त्याला प्रत्युत्तर द्यावे. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा याच परिच्छेदावर येतो.