सोपी भाषा, पण कोणाला सोपी?

एफवायला असताना मोबाइलवर पहिल्यांदा शोधलं, 'सर्वात सोपी परदेशी भाषा कोणती?' उत्तर आलं, स्पॅनिश. त्या भरवशावर अमळनेरहून पुण्याला गेलो, आठ महिने कॉट बेसिसवर राहिलो, डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-२ या खालून दुसऱ्या पातळीला बसलो. निकालाच्या कागदावर 'नो आप्तो' असं छापलेलं होतं, म्हणजे अपात्र. महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगावला परत येताना ठरवून टाकलं होतं की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचं हे काम नाही. हे ठरवणं साफ चुकीचं होतं. ते का, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. तुमचं तेवढं जाऊ नये म्हणून लिहितोय.

'सोप्या भाषां'च्या ज्या याद्या फिरतात त्यातल्या बहुतेक एकाच जागेवरून आलेल्या आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट तिथल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. कोणत्या भाषेला किती आठवडे लागतात हा हिशोब तिचा. स्पॅनिश, फ्रेंच, इटालियनला साधारण २४ ते ३० आठवडे, जर्मनला ३६, जपानी, कोरियन, चिनी आणि अरबीला ८८ आठवडे म्हणजे वर्गातले २२०० तास. हिशोब खोटा नाही. पण तो घरात इंग्रजी बोलत वाढलेल्या माणसाचा आहे. त्याच यादीत हिंदीसाठी ४४ आठवडे दिलेत, स्पॅनिशपेक्षा जास्त! जळगावात तर शाळेत न गेलेलं पोरगंसुद्धा टीव्ही बघून हिंदी बोलतं. मी ही यादी दहा वेळा वाचली असेल, पण हिंदीच्या ओळीवर एकदाही थांबलो नाही.

आता खरी खोच. ही नीट समजून घ्या, बाकीचं विसरलात तरी चालेल.

पुण्याच्या क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून चालायचं. 'आय लाइक बनानाज' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तान लोस प्लातानोस' होतं. सरांनी सांगितलं, इथे वाक्य उलटं होतं, केळी हा कर्ता होतो, 'आय'चा 'मे' होतो, हा अवघड भाग आहे, पाठ करा. मी पाठ केलं आणि प्रत्येक परीक्षेत चुकलो. मनात आधी 'आय लाइक' तयार व्हायचं, मग ते उलटं करायचं, मग एक केळं की अनेक ते बघून क्रियापद बदलायचं. तोवर समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा.

घरी आल्यावर एका सकाळी आई आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुले भरीत आवडस ना? डबामा देस." मी तिथेच थबकलो. तुले आवडस. मला आवडतं. मे गुस्ता. शब्दाला शब्द तेच! मला केळं आवडतं, मे गुस्ता एल प्लातानो. मला केळी आवडतात, मे गुस्तान लोस प्लातानोस. केळी अनेक झाली की क्रियापद बदलतं, ते आपण बोलायला लागल्यापासून न शिकता करतो. उलटं काहीच नव्हतं. सरळ वाक्य इंग्रजीत नेऊन मीच उलटं करत होतो.

त्या दिवसापासून वहीतून इंग्रजी काढली आणि एकेक गाठ सुटत गेली. 'मी घर बघतो', पण 'मी आईला बघतो'. घराला 'ला' लागत नाही, आईला लागतो. स्पॅनिशमध्येही 'वेओ ला कासा', पण 'वेओ आ मी माद्रे'. हा मधला 'आ' कुठे लावायचा यावर क्लासमध्ये दोन तास गेले होते. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' ज्याला कळतं त्याला स्पॅनिशचं सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका सांगणारं क्रियापदाचं रूप, भुतासारखं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे तू आणि तुम्ही, त्यांच्याकडे तू आणि उस्तेद. त आणि द तर आपल्या तोंडात तयारच आहेत. सगळंच फुकट मिळतं असं नाही. 'आहे'साठी त्यांच्याकडे सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत, आणि तिथे मराठी मदतीला येत नाही. तिथे घासावंच लागतं.

हाच नियम दुसऱ्या भाषांनाही लावून बघा. यादीत जपानी सगळ्यात शेवटच्या गटात, पण 'जळगावहून पुण्यापर्यंत'मधल्या हून आणि पर्यंतसारखेच तिथले 'करा' आणि 'मादे' नामाच्या नंतर लागतात, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, आणि त्यांची मूळ अक्षरं अ-इ-उ-ए-ओ, मग क, अशीच लागतात, कारण तो क्रम संस्कृत वर्णमालेवरून गेलेला आहे. मात्र कांजीबद्दल, म्हणजे चिनीतून घेतलेल्या अक्षरांबद्दल, कोणी गोड बोललं तर ऐकू नका. रोजच्या वापरातल्या कांजींची सरकारी यादीच २१३६ची आहे, आणि ती मराठी येते म्हणून कमी होत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजीवाले रडतात. आपल्याला तो-ती-ते सवयीचं आहे, फक्त कोणत्या वस्तूला कोणतं लिंग ते नव्याने शिकायचं. फ्रेंच मी शिकलो नाही, त्यामुळे बोलत नाही.

ॲपवर रोज दहा मिनिटं करून भाषा येते असं मला वाटत नाही. शब्द येतात, वाक्य येत नाही. 'तीन महिन्यांत बी-१, नोकरीची हमी' असा बोर्ड दिसला तर पैसे भरू नका. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला. संधी खरी आहे, पण तिच्या नावावर दुकानं मांडणारेही आहेत. शिक्षक निवडताना एकच बघा, तुमचं वाक्य का चुकलं हे तो मराठीत सांगू शकतो का. मोठ्या पदवीच्या ज्या सरांना ते जमलं नाही, त्यांच्याकडे माझे आठ महिने गेले.

आणि इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. नोकरीच्या अर्जाला, मेलला ते लागेल, हळूहळू येईल. पण स्पॅनिश शिकायला ते आधी पक्कं असावं लागत नाही. मी दुसऱ्यांदा बसलो आणि पास झालो, तेव्हाही माझं इंग्रजी तेवढंच होतं. आज माझी कमाई भाषांतरावर चालते. जगात सर्वात जास्त केळी निर्यात करणाऱ्या इक्वेडोरकडची स्पॅनिश माहितीपत्रकं मी आपल्याकडच्या केळीवाल्यांना मराठीत करून देतो. फार पैसे नाहीत, पण घर चालतं.

गेल्या महिन्यात चोपड्याचा एक मुलगा जळगावच्या स्टँडवर भेटायला आला. हातात तीच यादी, आणि पहिलं वाक्य, "भाऊ, माझं इंग्रजी कच्चं आहे." मी म्हटलं, तुला काय काय आवडतं ते आधी अहिराणीत सांग. त्याने भरीत, कळण्याची भाकरी, पाऊस अशी सात वाक्यं सांगितली. सातही आम्ही बाकावर बसूनच स्पॅनिशमध्ये लिहिली, इंग्रजीचा एकही शब्द मध्ये न आणता. पुढच्या रविवारी 'बघणे' घ्यायचं ठरलंय.