अभिमान यात्रेसाठी सहा पट्ट्यांचा झेंडा

अमेरिकन कलाकार गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या समलैंगिक-ट्रान्स समुदायाच्या (प्राइड) झेंड्यात आठ रंग होते. आज सहा: वरून लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. लाल वरच राहू द्या.

३ बाय ५ फुटांसाठी नाशिकच्या मेनरोडवरून प्रत्येक रंगाचं पावणेदोन मीटर पॉलिएस्टर घ्या. ७ इंच रुंद, ६५ इंच लांब पट्ट्या कापा. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिवणीत जातो. काठीच्या बाजूला ४ इंच दुमडा, उरलेला इंच टोकाला.

सुती कापड नकोच. अभिमान महिन्याच्या, म्हणजे जूनच्या पावसात ते जड होतं, लाल रंग शेजारी उतरतो. समलैंगिक संबंध गुन्हा नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. तो दिवस साजरा केलात तरी पाऊस असतोच.